सगळ्यात वेगवान माठ

लातूरमधला सगळ्यात वेगवान माठ गंजगोलाईच्या मागच्या एका बोळात, चाचांच्या दुकानात होता. तसा तो साधा काळा माठ, कुंभाराकडून आणलेला. पण त्याच्या पोटावर रुपेरी, निळ्या, सोनेरी चकत्या चिकटवलेल्या होत्या. ‘नव्या पिढीचा’, ‘अतिवेगवान’, ‘आत अमुक प्रोसेसर आहे’ असलं काहीबाही त्यांच्यावर इंग्रजीत लिहिलेलं. दुरुस्तीला कॉम्प्युटर आला की चाचा आधी त्याच्या डब्यावरची चकती नखानं अलगद सोडवायचे, माठाला लावायचे आणि मगच स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायचे.

“बघ बेटा,” मला म्हणायचे, “धा-बारा हजार मेगाहर्ट्झचा झाला आता हा माठ. पानी तेवढंच गार हाय.”

एकदा भोकरचा एक दुकानदार चकती परत मागायला लागला. कॉम्प्युटर सुरू झाला, छान चालायला लागला, तरी हा आपला चकतीवर अडून बसलेला. चाचांनी त्याला माठातलं तांब्याभर पाणी दिलं. उन्हाचा आलेला माणूस, गटागटा प्यायला, ‘लई गार हाय हो’ म्हणाला आणि चकती विसरून निघून गेला.

चाचा माझे नात्यानं कुणी नव्हेत. सगळा बोळ त्यांना चाचा म्हणायचा, म्हणून मीही. त्यांचं घराणं घड्याळजींचं. आजोबांनी निजामाच्या काळातल्या अंमलदारांची खिशातली घड्याळं दुरुस्त केली, वडिलांनी मास्तरांची मनगटावरची. चाचांच्या कपाळावर एका डोळ्याचं भिंग कायम चढवलेलं असे. ते चहा पिताना काढत नसत, जेवताना काढत नसत, आणि शुक्रवारी नमाजाला निघताना मात्र हमखास शोधत बसत. मी म्हणायची, “चाचा, कपाळावर.” ते कपाळाला हात लावायचे आणि माझ्यावरच रागवायचे, “मग आधी सांगायचं न्हाई का?”

मी तेव्हा नुकतीच देगलूरहून आले होते. लातूरमध्ये क्लासचं पेव फुटलं होतं ते दिवस. दोन घरं सोडून तिसऱ्या घरावर पाटी, आणि दर पाटीखाली बाहेरगावची पोरं ट्रंका घेऊन उभी. अशाच एका क्लासमध्ये मी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. दर रविवारी अठराशे मुलांची परीक्षा व्हायची आणि सोमवारी सकाळी सहाला गुणानुक्रमे यादी फळ्यावर लागायची. ती यादी तयार करून खाली सही करणं माझं काम. राहायला मी आत्याकडे होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, देगलूरला प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यांनी मला बसमध्ये बसवताना एकच अट घातली होती.

“दिवाळीपर्यंत नोकरी पक्की झाली तर ऱ्हा. न्हाई तर गुमान परत ये माय, स्थळं बघायची हायत.”

मला परत जायचं नव्हतं. देगलूर वाईट होतं म्हणून नव्हे. आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम असं मिळालं होतं की ते मी नाही केलं तर अठराशे घरांमध्ये सोमवार उजाडत नसे, आणि त्याची मला चटक लागली होती.

चाचांची ओळख झाली ती एक फ्लॉपी अडकली म्हणून. मी घाबरी होऊन दुकानात शिरले आणि कॉम्प्युटरचं नाव, कंपनी, किती मेगाहर्ट्झ, सगळं धडाधडा सांगून टाकलं. तेव्हा तसंच सांगायचे लोक. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं, आणि डोकं सेकंदाला किती ठोके टाकतं तो आकडा म्हणजे मेगाहर्ट्झ, एवढं सगळ्यांना पाठ झालं होतं. आकडा मोठा तो कॉम्प्युटर थोर.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्ये ऱ्हाऊ दे. तुझं काम काय हाय?”

मी म्हटलं, “अठराशे मुलांच्या मार्कांची बेरीज करून क्रम लावायचा.”

“हां. ह्ये बोल ना मग.”

त्यांनी एका हातानं भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ दाखवलं आणि दुसऱ्या हातानं एक मनगटी घड्याळ माझ्या कानाला लावलं. “भिंतीवरचं सेकंदाला एक टिक करतं. ह्ये हातातलं पाच करतं. मोजून बघ पाहिजे तर. मग हातातल्याचा तास पाचपट लवकर होतो का?”

“नाही.”

“का न्हाई?”

मी हातातलं घड्याळ पुन्हा कानाला लावलं. दहावीला विज्ञानात चांगले मार्क होते माझे, पण हा प्रश्न पेपरात कधी आला नव्हता.

“कारण एका टिकेला काटा किती सरकतो, त्ये दोन्हीचं येगळं हाय. टिकटिक मोजू नको बेटा. काटा किती सरकला त्ये बघ. एक प्रोसेसर एका ठोक्यात लई काम उरकतो, दुसरा नुसता टिकटिक करतो. आकडा छापणारा टिकटिक छापतो. काटा कुनी छापत न्हाई.”

हे वाक्य नंतर मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की शेवटी शेवटी माझ्या कानातच टिकटिक व्हायला लागली. बोळातला एक जण मुलीसाठी आलेला बायोडाटा घेऊन आला, तर चाचांनी तो भिंगातून वाचला. मुलाची डिग्री, उंची, मामांचे हुद्दे. वाचून परत दिला. “टिकटिक झाली. आता पोरगं दिवसभर काय करतं, त्ये इचारून या.” औसा रोडला तीन क्लासच्या तीन होर्डिंगांवर एकाच टॉपरचा फोटो झळकत होता. चाचा रिक्षातून मान बाहेर काढून बघत राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, “तीन-तीन क्लासला जात व्हतं बिचारं. जेवत कधी असंल?”

घड्याळजी कॉम्प्युटरकडे वळला कसा, हे मी एकदा विचारलं. भूकंपानंतर औशाकडे मदतीचं एक कार्यालय उघडलं होतं. तिथे याद्या करायला एक कॉम्प्युटर आणला होता. कुणाच्या घरात कोण उरलं, कोण कुठल्या छावणीत आहे, सगळं त्यात. धुळीनं त्याचा पंखा जाम झाला आणि ते डबडं बंद पडलं. उघडायला माणूस नाही. कुणीतरी म्हणालं, बारीक कामाचा एक घड्याळजी आहे, त्याला बोलवा. चाचा चिमटा आणि भिंग घेऊन गेले, आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटर उघडला, पंखा साफ केला, तेलाचा एक थेंब सोडला. पडद्यावर याद्या परत आल्या.

“मी त्या यादीत माझ्या मामूंचं नाव शोधलं,” चाचा म्हणाले. “मामूंच्या घराची भिंत अडीच हात जाड व्हती. दगडाची. गावात ज्याला-त्याला हात पसरून दाखवायचे. शेजारी कुडाचं खोपट व्हतं, त्ये उभं ऱ्हायलं. सगळ्यांनी जाडी सांगितली बेटा. दगडाला दगड धरून हाय का, त्ये कुनीच इचारलं न्हाई. मी बी न्हाई.”

मग ते बराच वेळ एका पंख्याची पाती पुसत राहिले. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. त्यानंतर त्यांच्या टिकटिकीची मी कधी नक्कल केली नाही.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली आणि आमच्या क्लासच्या सरांना नवे कॉम्प्युटर घ्यायची लहर आली. सर भौतिकशास्त्र शिकवायचे, आवाज असा की शेवटच्या बाकावरची पेंगही उडावी. शेजारच्या क्लासनं होर्डिंगवर ‘अत्याधुनिक संगणक कक्ष’ लिहिलं होतं, ते सरांच्या डोळ्यांत खुपत होतं. नांदेडहून एक एजंट आला, गळ्यात टाय, हातात पंधराशे मेगाहर्ट्झचा कॉम्प्युटर. त्यानं पडद्यावर पृथ्वी गरागरा फिरवून दाखवली. सर खूश. होर्डिंगचा मजकूरही तयार झाला, त्यात ‘पंधराशे’ हा शब्द सगळ्यात मोठा.

“खरेदीची शिफारस तुम्ही लिहून द्या,” सर मला म्हणाले. “ते झालं की तुमच्या नोकरीचं बघू.”

एवढं सोपं होतं. चार ओळी लिहायच्या आणि लातूर माझं. पण माझ्या कानात टिकटिक होती ना. मी म्हटलं, “सर, एकदा आपल्या कामावर चालवून बघू या. चाचांना बोलावते.”

चाचा रविवारी आले ते बगलेत एक दुसरा कॉम्प्युटर घेऊन, ओळखीच्या दुकानातून तासाभरासाठी मागून आणलेला. दुसऱ्या कंपनीचा प्रोसेसर, बाराशे मेगाहर्ट्झ. एजंटानं पुन्हा पृथ्वी फिरवली. चाचा दोन मिनिटं हात बांधून बघत राहिले.

“पृथ्वी फिरवायचं काम अल्लामियाँ करून ऱ्हायलेत,” ते म्हणाले. “तुमचं मशीन मार्कांची बेरीज करतं का?”

मग त्यांनी अटी घातल्या. तिन्ही मशीनला मेमरी सारखी. तिन्ही म्हणजे क्लासचं जुनं, हजार मेगाहर्ट्झचं मशीनसुद्धा, कारण जुनं शर्यतीत नसेल तर नवं किती पुढं गेलं हे कळणार कसं? काम त्या रविवारचंच, अठराशे मुलांची खरी यादी. आणि डबे झाकायचे.

“झाकायचे कशाला?” सर चिडले.

“तुमी पोरांचे पेपर तपासताना नाव झाकता का न्हाई?”

हे मात्र खरं होतं. आमच्या क्लासमध्ये प्रत्येक उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यावर नाव झाकणारी काळी पट्टी चिकटवायची पद्धत होती. हुशार म्हणून नावाजलेल्या पोराला उगाच अर्धा मार्क जास्त जाऊ नये, म्हणून सरांनीच ती सुरू केली होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता. आता नाही कसं म्हणणार? तिन्ही डबे तुरीच्या रिकाम्या पोत्यांखाली गेले, वर आमच्याच काळ्या पट्ट्या आणि अ, ब, क. कुठल्या पोत्याखाली काय आहे हे फक्त चाचांना ठाऊक. म्हणून त्यांनी स्वतः स्टॉपवॉच धरायला नकार दिला. ते माझ्या हातात दिलं आणि व्हरांड्यात जाऊन बसले.

व्हरांड्यात अण्णाही बसले होते. ते त्या दिवशी सकाळीच देगलूरहून आले होते, मला न्यायला. दिवाळी आठवड्यावर आली तरी नोकरी पक्की झाल्याचं पत्र काही आलं नव्हतं, आणि संध्याकाळी सहाची शेवटची बस त्यांनी ठरवून टाकली होती.

मी तिन्ही मशीनवर तीच यादी तीन-तीनदा चालवली. शेवटी चाचांना आत बोलावून पोती काढली. बाराशेवालं पहिलं. दुसरं आमचं जुनं, हजारवालं. पंधराशेवालं तिसरं, जुन्याच्या चार-पाच सेकंद मागं.

एजंटानं टाय सैल केली. चाचा मोठ्यानं हसले आणि खिशातून एक चिठ्ठी काढून माझ्यापुढं धरली. त्यांनी आधीच अंदाज लिहून ठेवला होता, त्यात जुनं मशीन तिसरं होतं. “माझा बी फसला,” ते म्हणाले. “म्हणून तर झाकायचं. मला बी नव्याचा मोह हायेच की.”

सर मात्र हसले नाहीत. होर्डिंग रंगवायला गेलं होतं. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “हे बघा, शिफारशीत वेळेचे आकडे लिहू नका. ‘तिन्ही उत्तम, त्यात पंधराशे मेगाहर्ट्झचा सर्वाधिक आधुनिक’ एवढंच लिहा. खोटं काहीच नाही त्यात.”

खरंच, खोटं काहीच नव्हतं. व्हरांड्यातून अण्णा बघत होते.

मी म्हटलं, “सर, गेल्या महिन्यात तुमच्या पुतण्याचा क्रम यादीत वर घ्या म्हणून तुमच्या घरून मला निरोप आला होता. तेव्हा तुम्हीच मला सांगितलं, यादी म्हणजे यादी.” आणि तिन्ही मशीनचे क्रम, शेजारी मिनिटं-सेकंद, खाली माझी सही, असा कागद त्यांच्या हातात दिला.

सरांचा चेहरा लाल झाला. “उद्या बघू,” म्हणाले आणि कागद घेऊन तरातरा निघून गेले.

अण्णांना मेगाहर्ट्झ कळत नव्हते, पण साहेब पोरीवर संतापून गेला हे कळायला काही शिकावं लागत नाही. ते उठले. “चल माय. सामान भर.”

मी वाद घातला नाही. आत्याकडे जाऊन बॅग भरली. जाता जाता चाचांचा निरोप घ्यायला दुकानात थांबलो. माझे डोळे भरून आले होते, तरी मी माठाकडे बघून हसण्याचा प्रयत्न केला. चाचांनी अण्णांना खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं, चहा सांगितला, आणि त्यांच्या मनगटाकडे बोट दाखवलं.

“मास्तर, घड्याळाला धूळ लई बसलीय. दोन मिनिटांत साफ करून देतो.”

अण्णांनी घड्याळ काढून दिलं. चाचांनी भिंग डोळ्यावर घेतलं, कानाला लावून ऐकलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पुसलं, परत दिलं. दोघांच्या गप्पा रंगल्या. निजामाच्या काळातली शाळा, दोघांच्या वडिलांनी उर्दूत पाठ केलेले पाढे, देगलूरच्या बाजारातलं तेलुगू. मी दोनदा म्हटलं, “अण्णा, बस.” अण्णांनी दोन्ही वेळा घड्याळ बघून मला हातानं बसवलं. “हाय टाइम. माझं घड्याळ धा मिनिटं पुढं अस्तंय.”

ही अण्णांची जन्माची सवय. एस.टी. चुकू नये म्हणून घड्याळ दहा मिनिटं पुढं लावायचं आणि मग मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करून निवांत चहा प्यायचा. त्यांच्या घड्याळात सहाला तीन मिनिटं कमी असताना ते ऐटीत उठले. आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा उदगीरवरून देगलूरला जाणारी बस गेटाबाहेर पडत होती, आणि अण्णा कधी बसकडे तर कधी मनगटाकडे बघत उभे राहिले. चाळीस वर्षांत त्यांची बस पहिल्यांदा चुकली होती.

रात्री आत्याकडे राहिलो. सकाळच्या बसला निघायचं होतं, पण माझा जेवणाचा डबा क्लासमध्येच राहिला होता. सहाला आम्ही तिथे पोचलो तर फळ्यापुढं नेहमीसारखी गर्दी. मुलं, पालक, माना उंच करून आपापली नावं शोधत होती. यादीच्या शेजारी एक दुसरा कागद लावलेला होता. माझाच कागद. तिन्ही मशीनचे क्रम, मिनिटं-सेकंद. त्याखाली सरांच्या अक्षरात एक ओळ होती: ‘या क्लासमध्ये यंत्रांनाही मार्क नाव झाकूनच मिळतात. नवीन खरेदी रद्द.’ आणि माझ्या सहीखाली सरांनी लिहिलं होतं, ‘परीक्षा नियंत्रक’.

एक बाई आपल्या पोराला सांगत होत्या, “हितं खोटं चालत न्हाई बग.”

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि तो कागद पहिल्यापासून वाचला. मग माझी सही बोटानं दाखवली.

“ही तुझी?”

“हो.”

“दर सोमवारी अशी लागती?”

“दर सोमवारी.”

मग त्यांनी माझ्या हातातली बॅग काढून घेतली आणि आत्याच्या घराच्या दिशेनं चालायला लागले. “मग चल. सामान सोडाय लागंल की.”

मी भर गर्दीत रडले. लाज वाटली नाही.

दुपारी दुकानात गेले. चाचा एका नव्या डब्यावरची चकती नखानं सोडवत होते. माठावर आता जागा शिल्लक नव्हती, म्हणून ती झाकणाला लावली. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

“चाचा, अण्णांचं घड्याळ तुम्ही मुद्दाम मागं केलंत.”

त्यांनी कपाळावरचं भिंग शोधायला टेबलाचा खण उघडला, बंद केला. या वेळी मी सांगितलं नाही.

“मागं कुठं केलं?” ते म्हणाले. “मी फकस्त खरी येळ लावून दिली.”